बंदरे घेत जाणारी बोट

'बोट लागणे' या शब्दांना कोकणात दोन अर्थ आहेत. बोट बंदराला आली की 'बोट लागली' म्हणतात, आणि भरसमुद्रात पोट ढवळून उलट्या सुरू झाल्या की त्यालाही 'बोट लागली' असेच म्हणतात. डिलाईल रोडवरच्या ज्या पिढीने हे दोन्ही अर्थ स्वतः अनुभवले, ती आता विरळ होत चालली आहे. नव्या पिढीला तिसरीच बोट माहीत आहे. जाहिरातीत ती पांढरीशुभ्र उभी असते. तिच्या कठड्याशी एक हसरे जोडपे असते, खाली 'मुंबई ते गोवा' असे लिहिलेले असते आणि त्याखाली दर. संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी गोवा गाठायचा. मधल्या किनाऱ्यावर काय आहे, याचा त्या जाहिरातीत पत्ता नसतो. मध्ये नुसती रात्र असते.

आमचे सगळे नातेवाईक त्या मध्येच राहतात.

अशा बोटींना माझा विरोध नाही. ज्याला परवडते त्याने समुद्रावर एक-दोन रात्री जरूर मजेत घालवाव्यात. २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबईहून गोव्याला जाऊ लागली, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' आली, तेव्हा आमच्या चाळीतही कौतुकाने चर्चा झाली. पण 'कोकणची बोट पुन्हा सुरू झाली' असे कोणी म्हणू लागले, की बोलल्यावाचून राहवत नाही. कोकणची बोट ही मुंबईहून गोव्याला जाणारी बोट नव्हतीच. ती हर्णैला, दाभोळला, जयगडला, रत्नागिरीला, मुसाकाजीला, जैतापूरला, विजयदुर्गला, देवगडला, मालवणला, वेंगुर्ल्याला जाणारी बोट होती. आणि एवढे सगळे झाल्यावर पणजीलाही जात असे. ज्या दिवशी बोट पुन्हा वाटेत थांबू लागेल, त्या दिवशी ती सुरू झाली असे म्हणावे. आणि तशी ती थांबावी, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

खोली गावाची, गाव बंदराचे

आमच्या रस्त्याच्या पाटीवर आज ना. म. जोशी मार्ग असे लिहिलेले आहे. नारायण मल्हार जोशी हे कामगारांचे पुढारी, १९२० मध्ये स्थापन झालेल्या 'आयटक'च्या संस्थापकांपैकी एक, आणि मूळचे कोकणातल्या गोरेगावचे. पण तोंडात बसले आहे ते डिलाईल रोडच. या रस्त्यालगत गिरण्या होत्या आणि १९२० च्या दशकात बांधलेल्या ३२ बी.डी.डी. चाळी होत्या. एकशे साठ चौरस फुटांची एक खोली आणि तिच्यात एकाच गावची वीस-पंचवीस माणसे. भिंतीला खुंट्या, खुंट्यांना पिशव्या, वर फळीवर पत्र्याच्या ट्रंका. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागेवर रातपाळीचा आडवा होई. ही गावकरी मंडळाची खोली. खोली गावाच्या नावाने ओळखली जाई आणि गाव बंदराच्या नावाने. 'दाभोळकडचे', 'जयगडकडचे', 'देवगडकडचे' असे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नसे.

याचे कारण बोट. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीला दर काही कोसांवर एक खाडी कापून जाते. खाडीवर पूल नव्हते, त्यामुळे किनाऱ्याने सरळ रस्ताही नव्हता. मुंबईला जायचे तर बंदरावर यायचे आणि बोट धरायची. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींनी पिढ्यान्‌पिढ्या ही माणसे वाहून आणली. १९६० च्या दशकात चौगुले कंपनीच्या बोटी आल्या; 'कोंकण सेवक' आणि 'कोंकण शक्ती' ही नावे आमच्या वयाच्या माणसाला अजून पाठ आहेत. त्यानंतर सरकारी मोगल लाइनने ही वाहतूक चालवली. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट एक दिवस आणि एक रात्र चालून दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोचे. आमचे दाभोळ त्या मानाने जवळचे. दाभोळला उतरून वाशिष्ठीतून लाँचने गोवळकोटच्या दिशेने आत गेले की आमचे गाव.

पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे बोट ही मुख्यतः शिमग्याची आणि मे महिन्याची. शिमगा जवळ आला की गिरणीतल्या खात्याखात्यांत रजेच्या अर्जांची रांग लागे आणि धक्क्यावर वळकट्यांची. डेकवर सतरंजी टाकून जागा अडवायची, दशम्या आणि लोणच्याची पुरचुंडी उशाला ठेवायची, आवळासुपारी तोंडात धरायची. हे वर्णन आता गोड वाटते. पण ज्यांनी तो प्रवास केला, त्यांनी तो गोड म्हणून केला नव्हता. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. ती लांब पाण्यात उभी राही आणि किनाऱ्याकडून पडाव येत. रात्रीची वेळ, कंदिलाचा उजेड, वरखाली होणारा पडाव. शिडीवरून एक पाय खाली सोडायचा आणि पडाव वर आला की उडी घ्यायची. पोरे, म्हाताऱ्या, ट्रंका, कोंबड्या सगळे एका हातातून दुसऱ्या हातात. ओहोटी असली की शेवटचा पल्ला खलाशांच्या खांद्यावर बसून. आणि हे सगळे सुखरूप होईलच असे नव्हते. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायका कितीतरी वर्षे बोटीचा विषय निघाला की आधी 'रामदास'चे नाव घेत आणि मगच पुढचे बोलत.

तेव्हा मी त्या बोटीचे गोडवे गायला बसलेलो नाही. तिच्याबद्दलची खरी तक्रार तर आणखी वेगळी आहे, आणि ती सहसा कोणी लिहीत नाही.

साडेतीन वर्षांचा संसार

जाहिरातीतल्या बोटीवर जोडपे असते. आमच्या बोटीवर जोडपे नसे. बोटीने पुरुष जाई आणि पुरुषच येई. बायको गावात राही. शेती, गुरे, सासू-सासरे आणि मुले सांभाळी. गावकरी खोलीत बाईमाणसाला जागा नव्हती आणि स्वतंत्र खोलीचे भाडे पगारातून सुटणारे नव्हते. बाई मुंबईला आली तर के.ई.एम.मध्ये दाखवायला, किंवा मुलाच्या लग्नाचे जमवायला.

माझे वडील १९५१ मध्ये लग्न करून त्याच वर्षी मुंबईला गिरणीत लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्या वर्षअखेर ते कायमचे गावी परतले. ही एकतीस वर्षे. वर्षाला मे महिन्याचे तीस दिवस आणि शिमग्याचे दहा, असे चाळीस दिवस ते घरी असत. एकतीसला चाळीसने गुणले की बाराशे चाळीस दिवस होतात. साडेतीन वर्षांनाही थोडे कमीच. एकतीस वर्षांच्या संसारातला एकत्र काळ एवढाच. मनीऑर्डर मात्र एक महिनाही चुकली नाही, हे आई अभिमानाने सांगे. दोघे एकत्र बोटीत बसले ते आयुष्यात एकदा, आईला डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला आणले तेव्हा. त्या प्रवासाबद्दल विचारले तर आई म्हणायची, "काही नाही रे, त्यांनी रात्रभर मला उठूच दिलं नाही, पाणीसुद्धा आणून दिलं." तिच्या आठवणीत समुद्र नव्हताच. नवऱ्याने पाणी आणून दिले, एवढेच होते.

ही एका घरची गोष्ट नाही. साऱ्या किनाऱ्याची ही रीत होती आणि ती जनगणनेत आजही दिसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र त्या अकराशे वीसहून अधिक होत्या, सिंधुदुर्गातही हजाराच्या वर. कोणी म्हणेल, कोकणात मुलींचे स्वागत अधिक होते. तसे असते तर किती बरे झाले असते! या आकड्यामागे मुख्यतः गावातून निघून गेलेले पुरुष आहेत. पुरुष मुंबईत मोजले गेले आणि बायका गावात.

म्हणून मला वाटते, की याच किनाऱ्याने नवरा-बायकोने मिळून बोटीने जावे, वाटेतल्या माणसांना भेटत जावे, ही काही चैनीची कल्पना नाही. ती राहून गेलेली गोष्ट आहे. आमच्या आईवडिलांना जे मिळाले नाही ते आम्हाला उतारवयात मिळण्याजोगे आहे. निवृत्ती आहे, वेळ आहे, माणसे अजून आहेत. अडते ते फक्त साधनापाशी.

दिघी, हर्णै, दाभोळ, जयगड

साधन नाही म्हणजे किती नाही, हे पाहावे म्हणून गेल्या फेब्रुवारीत सौ. आणि मी किनाऱ्याने निघालो. शक्य तेवढे पाण्यावरून जायचे, आणि ज्या बंदरात आपले माणूस आहे तिथे मुक्काम करायचा, असे ठरवले.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे. तासाभराचा प्रवास, गाड्या खाली आणि माणसे वर. मांडव्याहून पुढे अलिबाग, मुरूड करीत आगरदांड्याला आलो. तिथून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडली की दिघी. इथे सौ.ची थोरली मावशी राहते. वय ब्याऐंशी. डिलाईल रोडहून दिघीपर्यंत येईतो टॅक्सी, रो-रो, दोन बसगाड्या, रिक्षा आणि फेरीबोट अशी सहा वाहने झाली होती. मावशीने आम्हाला पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "बोटीने आलात ना?" सौ. म्हणाली, "थोड्या थोड्या बोटीने आलो."

रात्री जेवताना मावशी सहज बोलून गेली, की तिची धाकटी बहीण हर्णैला असते, पण भेट होऊन अकरा वर्षे झाली. ती भेट कुठे झाली? डोंबिवलीला, एका लग्नाच्या हॉलमध्ये. मी आधी नीट ऐकलेच नाही असे मला वाटले. दोघी बहिणी एकाच समुद्राच्या काठी राहतात. मध्ये एक खाडी आणि काही टेकड्या. आणि त्यांची भेट व्हायची तर दोघींनी उलट्या दिशेने मुंबईकडे जायचे, कोणाच्या तरी मुलाच्या लग्नाची वाट बघायची!

मला वाटते, कोकणच्या बोटीबरोबर काय गेले याचे उत्तर या डोंबिवलीच्या भेटीत आहे. मुंबईला जायची सोय गेली नाही. ती उलट वाढली. एस.टी. गावागावांत गेली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि त्या दिवशी डोळ्यांत पाणी आले नाही असा चाकरमानी विरळा. पण रेल्वे आणि महामार्ग दोन्ही किनारा सोडून आतून जातात. कणकवली स्टेशनवर उतरलेल्या माणसाला देवगडला पोचायला आणखी पन्नासेक किलोमीटर जावे लागते. ज्याला-त्याला आपल्या स्टेशनवरून मुंबई गाठता येते, पण बंदराहून बंदराला जाता येत नाही. जुन्या बोटीवर हर्णैला चढून जयगडला उतरणारी माणसे असत. लेकी याच किनाऱ्याने दिल्या जात. आज किनाऱ्यावरचे प्रत्येक गाव मुंबईला बांधलेले आहे आणि शेजारच्या गावापासून सुटलेले आहे.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशीने कडव्या वालांची पुरचुंडी दिली. "हर्णैला दे. तिला सांग, अलिबागचे नाहीत, आपल्याकडचे आहेत." श्रीवर्धन, हरिहरेश्वर करून बागमांडल्याला आलो. तिथून पुन्हा फेरीबोट, पलीकडे वेशवी. बाणकोटच्या खाडीवर सकाळचे ऊन होते. बोटीत मोटारसायकली होत्या, कॉलेजची मुले होती, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका होत्या आणि पुण्याच्या दोन मोटारी. दहा-पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासात सौ. एका बाईशी बोलायला लागली आणि पलीकडे पोचेपर्यंत ती बाई हर्णैच्या मावशीच्या जावेच्या नात्यातली निघाली. रेल्वेत असे होत नाही असे नाही. पण बोटीत ते फार लवकर होते.

हर्णैच्या मावशीने वालांची पुरचुंडी हातात घेतली आणि गाठ न सोडता बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाली, "चालते का अजून ती?" म्हटले, चालते. "मग झालं." त्या दोन शब्दांपुढे आमच्या सहा वाहनांचा शीण कुठच्या कुठे गेला.

तिथून सोडे घेऊन दाभोळला, माझ्या आत्याकडे. दाभोळहून धोपाव्याला २००३ पासून फेरीबोट जाते. कोकणातल्या खाड्यांवर मोटारी वाहून नेणारी ही सेवा एका खाजगी संस्थेने सुरू केली, ती चालली, आणि मग तशाच बोटी इतर खाड्यांवरही आल्या. आत्याने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्हा दोघांना पाटावर शेजारी शेजारी बसवले. म्हणाली, "दोघं मिळून आलात, हे बघून बरं वाटलं. आमच्या वेळी बोटीतनं एकटा पुरुष उतरायचा. बायको इथं धक्क्यावर उभी असायची, नायतर घरात." मग थोड्या वेळाने, "तुझ्या आईला असं कुठं जायला मिळालं नाही." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे नव्हतेच.

धोपावे, गुहागर आणि मग तवसाळहून जयगड. जयगडला चुलतभावाकडे दोन दिवस राहिलो. पाच मुक्काम, चार बंदरे, चार खाड्या. भेटलेल्या माणसांत सत्तरीच्या आतले कोणी नव्हते. आणि प्रत्येक घरात एकच चौकशी झाली: पुढच्या बंदरातले माणूस कसे आहे?

'बोट तोट्यात होती'

आता व्यवहाराची बाजू. हा विषय काढला की जाणकार म्हणतात, बोट तोट्यात गेली म्हणून बंद झाली. तो तोटा खोटा नव्हता. वर्षातले तीन-चार महिने बोट बंद राही आणि कर्मचारी मात्र बारमाही. खाड्यांची मुखे गाळाने भरत गेली. पूल झाले, एस.टी. स्वस्त आणि दारापर्यंत जाणारी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक थांबली, ती एकाएकी नव्हे. प्रवासी आधीच पांगले होते. गिरणीचा भोंगाच बंद झाल्यावर शिमग्याची रजा कोण मागणार?

पण त्यानंतरचा अनुभवही पाहू. १९९४ मध्ये मुंबई-गोवा वेगवान कॅटामरान सुरू झाली. बोट झोकदार होती, सात-आठ तासांत गोव्याला नेई. वाटेत थांबत नसे. काही वर्षांत ती बंद पडली. उलट खाडीवरच्या साध्यासुध्या फेरीबोटी वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. यातून मी असा अर्थ काढतो, की किनाऱ्यावरच्या माणसांना ज्या बोटीचा रोजचा उपयोग आहे ती टिकते. जी फक्त दोन टोकांची आहे, तिला विमानाशी, रेल्वेशी आणि रात्रीच्या व्होल्वोशी झुंजावे लागते.

जगात याचा दाखला आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर १८९३ पासून बोटींची अशीच एक ओळ चालते. बर्गनहून निघून पार उत्तरेला किर्केनेसपर्यंत ती चौतीस बंदरे घेते, काही तर मध्यरात्री. त्याच बोटीवर खोली घेऊन आठवडाभर फिरणारे परदेशी प्रवासी असतात, आणि त्याच बोटीवर एका बंदरात चढून पुढच्या बंदरात बहिणीकडे उतरणारी गावातली म्हातारीही असते. माल असतो, टपालही असे. हौशी प्रवाशाचा पैसा आणि गावकऱ्याची गरज एकाच बोटीत बसवली आहे, आणि बंदरे घेत जाणे हेच तिचे आकर्षण झाले आहे. आपल्या जवळ पाहायचे तर केरळात राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या बोटी बससारख्या थांबे घेत चालतात, आणि कोचीत २०२३ पासून जलमेट्रो आहे. तिथेही पाऊस आपल्यापेक्षा कमी पडत नाही. खाडीचे शांत पाणी आणि खुला समुद्र यांत फरक आहे, हे मान्य. पण आठ महिने चालणारी बोटही काही कमी नव्हे. आमचे आजोबा-पणजोबा त्याच आठ महिन्यांवर जगले.

२०२५ मध्ये भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गला रो-रो बोट नेण्याचे राज्य सरकारने जाहीर केले, बोटीची चाचणीही झाली. ही खरोखर आनंदाची गोष्ट. विजयदुर्ग, जयगड ही नावे बोटीच्या संदर्भात किती वर्षांनी ऐकली! पण तेव्हा जाहीर झालेले कमीत कमी भाडे माणशी अडीच हजार रुपये होते. कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये ठरलेली किमान रक्कम महिना एक हजार रुपये आहे. म्हणजे नवरा-बायकोने एका बाजूने जायचे तर पाच महिन्यांचे निवृत्तिवेतन. मोटार घेऊन गणपतीला जाणाऱ्यासाठी हा दर ठीक असेल. ज्यांच्या बापजाद्यांनी बोट भरली, त्यांच्यासाठी नाही.

काय मागावे

मागणी फार मोठी नाही. किनाऱ्याने जी कोणती बोट जाईल, तिला परवाना देताना वाटेतले निदान चार-पाच थांबे बंधनकारक करावेत. रोज नको, आठवड्यातून दोनदा चालेल. दुसरे, बंदराहून बंदराचे तिकीट असावे. हर्णै ते जयगड जाणाऱ्याला मुंबईचे भाडे पडू नये. तिसरे, एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, ज्येष्ठांना सवलत आहे. तीच बोटीतल्या साध्या वर्गाला लागू करून फरक सरकारने सोसावा. रेवस ते रेड्डी हा बॅरिस्टर अंतुले यांच्या कल्पनेतला सागरी महामार्ग आता पुलांसह आकार घेतो आहे. त्यावर जो खर्च होईल, त्याच्या पुढे ही रक्कम चिल्लर आहे. पूल जरूर व्हावेत. पण पूल ज्याच्याकडे मोटार आहे त्याला आधी लाभतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला एस.टी. सुरू होईल तेव्हा.

चौथे सुरक्षिततेचे. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि हकनाक माणसे गेली. 'रामदास'नंतर इतक्या वर्षांनीही जीवरक्षक जाकिटांची चर्चा अपघात झाल्यावरच व्हावी, हे शोभत नाही. प्रवासी मोजून घ्यावेत, प्रत्येकाला जाकीट द्यावे, आणि म्हाताऱ्या माणसाला उडी न मारता उतरता येईल असा उतार जेट्टीला असावा. पडावात उडी मारायचे दिवस संपले ते बरेच झाले. ते परत नकोत.

आणि पाचवे मागणे सरकारकडे नाही, आपल्याच माणसांकडे आहे. डिलाईल रोडच्या चाळींचा पुनर्विकास होतो आहे. एकशे साठ फुटांच्या जागी पाचशे फुटांचे घर, हे आमच्या पिढीने स्वप्नातही पाहिले नव्हते. पण गावकरी खोलीबरोबर 'अमुक बंदराकडचे' ही ओळखही पुसली जाईल. निम्मी माणसे आधीच विरार, बदलापूर, डोंबिवलीला पांगली आहेत. तेव्हा शिमग्याला, मे महिन्यात गावी जाल तेव्हा एक दिवस काढा. घरी पोचून गणपतीला आणि ग्रामदेवतेला नमस्कार करून लगेच परतीची गाडी धरू नका. बायकोला बरोबर घ्या आणि खाडी ओलांडून पलीकडच्या बंदरातल्या आत्याकडे, मावशीकडे जाऊन या. फेरीबोटी आजही आहेत. थांबे असलेली मोठी बोट कधी येईल ती येवो. तिला प्रवासी आहेत, हे आधी आपणच दाखवले पाहिजे.

सरकारी कामाला वेळ लागतो, हे आपण सगळे जाणतो. जेट्टीचा आराखडा, त्याची निविदा, गाळाचा उपसा, परवाने, यात पाच-सात वर्षे सहज जातात. दिघीची मावशी ब्याऐंशीची आहे आणि हर्णैची एकोणऐंशीची. त्यांची पुढची भेट डोंबिवलीला होऊ नये, एवढे तरी आपल्याला जमावे.